पाठांतरापासून प्रत्युत्तरापर्यंत



महोत्सव म्हटला कीं मंदिराच्या भिंती, वेदी आणि घंटा यांचा इतिहास आठवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु धर्म एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं जातो तो मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत. त्या वर्गाच्या इतिहासाविषयीं चार शब्द लिहिण्याची अनुज्ञा असावी.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका हुशार मुलास त्याच्या शाळासोबत्यानें विचारलें, "तुमचा देव एकच, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कसे?" मुलानें पाठ केलेलें उत्तर बिनचूक म्हणून दाखविलें. "म्हणजे काय?" असें सोबत्यानें पुन्हां विचारतांच तो निरुत्तर झाला. दोष त्याचा नव्हता. शिकविणाऱ्याचा, म्हणजे माझा होता. तेव्हांपासून आपल्या पूर्वजांस धर्म कसा शिकविला गेला, याचा मी शोध घेऊं लागलों.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांस मंदिरांत जमवीत. पुढें तामिळ किनाऱ्यावरील पारव लोकांमध्यें त्यांनीं दोन्ही भाषा जाणणाऱ्यांच्या साह्यानें विश्वासांगीकार, आज्ञा व प्रार्थना तामिळ भाषेंत उतरविल्या आणि स्वतः पाठ केल्या. तेथें मुलांस त्यांची आज्ञा असे कीं, येथें शिकलां तें घरीं आईबापांस व शेजाऱ्यांस सांगा. म्हणजे पाठांतर हें शेवट नसून सांगण्याची तयारी होती.

पाठांतरानंतरची पायरी प्रश्नाची. ती आपणांस फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणांत दिसते. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले आणि सासष्टींत त्यांनीं दीर्घकाळ सेवा केली. त्यांचें सुमारें अकरा हजार ओव्यांचें मराठी पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या आरंभींचा प्रसंग मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वेळचाच आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्या. त्या बोलण्यांत व्यथा होती, गाऱ्हाणेंही होतें. गुरूंनीं तें उद्धटपणा मानलें नाहीं. सबंध ग्रंथ हेंच त्याचें उत्तर झालें. पुढेंही श्रोते मध्येंच शंका काढतात आणि गुरु कथा थांबवून समाधान करितात.

तिसरी पायरी म्हणजे परक्यासमोर स्वतः बोलणें. त्यासाठीं गोव्याहून आपल्या वसईकडे वळूं. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं येथेंच झाला. येशूसंघीयांच्या हाताखालीं ते शिकले, जपानांत जाऊन तेथील भाषेंत निष्णात झाले व धर्मशिक्षक म्हणून राबले. पुढें फ्रान्सिस्कन बंधु होऊन १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी या नात्यानें ते सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रूसावर प्राण दिला. १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. वसईच्या वर्गांत बसलेलें एक मूल परक्या भाषेंत, परक्या दरबारांत बोलूं शकलें, हें आपण विसरूं नये.

या इतिहासावरून मी माझ्या वर्गाची रीत बदलली. मुलें प्रथम उत्तर पाठ करितात. मग पुस्तक मिटून तेंच घरच्या बोलींत, आजीला समजेल असें सांगतात. शेवटीं एक मूल शंका विचारतें आणि दुसरें उभें राहून मोठ्यानें उत्तर देतें. उत्तर न आल्यास, "विचारून उद्यां सांगतों," असें म्हणण्यास मुभा आहे; थट्टा करण्यास किंवा दुसऱ्याच्या धर्मास हिणविण्यास मात्र नाहीं. आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्यास सौम्यतेनें व आदरानें उत्तर द्यावें, असा संत पेत्राचाच उपदेश आहे.

आईबापांनो, आपलें मूल जेवतांना देवाविषयीं अवघड प्रश्न विचारील, तेव्हां त्यास गप्प बसवूं नका. घरीं ज्याचा प्रश्न दाबला जातो, त्याचें उत्तर बाहेर अडखळतें. आपल्या मुलांच्या मुखीं प्रभु येशूनें सत्य आणि नम्रता हीं दोन्ही ठेवावीं, हीच या महोत्सवीं माझी प्रार्थना.