घरटी मिळकतीच्या अंदाजाची कुळकथा

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाची वर्षाची मिळकत किती, हा प्रश्न सरकारदरबारी निघण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तेथे दुसराच प्रश्न विचारला जात होता, तो म्हणजे या जमिनीवर सारा किती बसवावा. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी बंदोबस्त झाला. मोजणीदारांनी साखळ्या टाकल्या, प्रतबंदी करणाऱ्यांनी मातीची खोली आणि रंग पाहून काळीपासून बरडीपर्यंत प्रत्येक जमिनीची प्रत आण्यांत लावली, आणि सर्व्हे नंबराच्या नावे आकार लिहिला गेला. शेताची अशी बारीकसारीक हकीकत दप्तरात आहे. त्या शेतावर पेटणाऱ्या चुलीची मात्र नाही.

सारा ठरला तरी पाऊस ठरलेला नसतो, म्हणून आणेवारी. पूर्ण पिकाचे सोळा आणे धरून, गावचे कामगार आणि जाणती माणसे बांधावर उभी राहत आणि यंदाचे पीक किती आणे, याचा नजरअंदाज करीत. दशमान नाणी आल्यावर तिला पैसेवारी हे नाव मिळाले, आणि गावाचा आकडा पन्नासच्या आत आला की बाहेर राहिला, यावर सवलतींचे भवितव्य आजही अवलंबून असते. 1940 च्या दशकात विनायक गोविंद पानसे यांनी वऱ्हाडातल्या कापसाचे उत्पन्न यदृच्छेने निवडलेल्या शेतांतून वेचणीगणिक वजने घेऊन अजमावले, तेव्हा या नजरेला तागडीची जोड मिळाली. तरीही मोजले गेले ते पीक.

माणशी उत्पन्नाचा पहिला गाजलेला हिशेब दादाभाई नौरोजींचा. 1876 साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले. पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेजारच्या मध्यप्रांताच्या सरकारी अहवालावर त्यांनी ठेवलेले बोट. जिल्ह्याजिल्ह्यांचे एकरी उत्पन्न बेरजेला घेऊन जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, आणि कोठे लाखो एकर पेरा आहे नि कोठे मूठभर, हे पाहायचेच नाही, अशी ती सरासरी होती. पुढे वऱ्हाड त्याच प्रांताला जोडले गेले, आणि 1939 साली जे. सी. कुमारप्पांच्या समितीने मध्यप्रांत-वऱ्हाडातील 606 खेड्यांची आर्थिक पाहणी सादर केली. दप्तर सोडून खेड्याच्या दारात जाण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

दारात गेल्यावर खरी अडचण सुरू होते. पाडव्याला ठरलेले सालगड्याचे साल तोंडावर सांगता येते. पण कपाशीवाल्याला विचारावे काय? सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी होते, चुकारा त्याच्या सवडीने येतो, आणि त्यातून कृषिकेंद्राची उधारी, सावकाराचे व्याज व वेचणाऱ्या बायांची किलोवारी मजुरी वजा जाऊन उरलेले, प्रसंगी उणे असलेले, ते उत्पन्न. याचा महिना कोणता धरणार? राष्ट्रीय नमुना पाहणीने 1950 पासून बहुतांशी खर्चच विचारण्याचा मार्ग धरला, त्यामागे हेच शहाणपण होते. 2018-19 या कृषिवर्षासाठी तिने शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न देशभराकरिता 10,218 रुपये सांगितले, पण ती सरासरी, आणि तीही देशाची.

जिल्ह्याच्या कचेरीत दरम्यान निराळाच संप्रदाय रुजला होता. 1999 साली शिधापत्रिकांचे तीन रंग झाले: वर्षाच्या उत्पन्नाप्रमाणे पंधरा हजारांच्या आत पिवळी, त्यापुढे लाखापर्यंत केशरी, लाखावर पांढरी. निराधार योजनेला एकवीस हजारांची मर्यादा पडली. तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदाराची सही यांवर मिळणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यात मर्यादा आधी ठाऊक असते आणि उत्पन्न मागाहून ठरते, हे गावात कोणीही सांगेल. असे दाखले जमवून जिल्ह्याची मिळकत काढू म्हणणाऱ्याला मर्यादेच्या अलीकडेच कुटुंबांची दाटी आढळेल.

दाखले असे आणि सरासरी फसवी, म्हणूनच मध्यकाचा आग्रह. सर्व कुटुंबे मिळकतीच्या क्रमाने उभी केली असता मधोमध जे येईल, त्याची मिळकत हा मध्यक; वणी परिसरातील कोळशाच्या खाणींचे मूल्य जिल्ह्याच्या उत्पन्नात पडले की दरडोई सरासरी वर चढते, पण झरी-जामणीतील कोलामांच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, कुटुंबाची रांगेतील जागा त्याने हलत नाही. अशी रांग लावण्याच्या जवळपास सरकार आले ते 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेत, जिने घरोघर जाऊन महिन्याच्या मिळकतीचे तीन कप्पे केले: पाच हजारांखाली, पाच ते दहा, आणि दहा हजारांवर. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पहिल्याच कप्प्यात पडली, तेव्हा ग्रामीण देशाचा मध्यक कोठे हे उघड झाले; तथापि विचारलेली रक्कम घरातील सर्वाधिक कमावत्या एकाच व्यक्तीची होती, त्यामुळे सालगड्याचे साल नोंदले गेले आणि त्याच घरातील मायलेकींची वेचणीची मजुरी बाहेर राहिली.