लग्नगड्याची बायको

‘गडी’ हा मराठीतला मोठा मायाळू शब्द. खेळातला गडी, शेतावरचा गडी, ‘अरे गड्या’ म्हणत ज्याच्या खांद्यावर हात टाकावा तो गडी. ठाण्याच्या जंगलपट्टीत मात्र या शब्दाला ‘लग्न’ चिकटले आणि त्याचा अर्थ पार फिरला. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी-शेतावर राबायचे, अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटले की नाही हे सावकाराची वही ठरवी, त्यामुळे ते सहसा फिटतच नसे. या प्रथेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते त्या वहीतून गळालेल्या नोंदीविषयी. वहीत नाव एका माणसाचे असे, राबत मात्र दोघे. त्या दुसऱ्या माणसासाठी भाषेनेही वेगळा शब्द घडवला नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाणे जिल्ह्यात आदिवासी मुलूख उरला तो मुख्यतः शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत. शहापूर तालुका पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा जमाती येथे राहतात. शेजारी कुणबी आणि आगरी. शहरातून आलेल्या माणसाला पाड्यावरचे सगळे सारखेच ‘आदिवासी’ दिसतात. पण पाड्यापाड्यांत उतरंड आहे. कोळी-ठाकरांकडे थोडीफार शेती असते. कातकऱ्याकडे बहुधा काहीच नसते. त्याची झोपडीसुद्धा अनेकदा दुसऱ्याच्या जागेवर उभी असते. कातकऱ्यांतही सोन कातकरी स्वतःला ढोर कातकऱ्यांपेक्षा वरचे समजत आले, कारण आहार.

ही उतरंड सगळी जुनीच आहे असे मानणे सोयीचे आहे, पण खरे नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. इंग्रजांनी जंगले राखीव केली, १८७८ च्या वन कायद्याने तो ताबा पक्का झाला आणि जमातीला नाव देणारा धंदाच हातातून गेला. सरपणाच्या मोळ्या, कोळसा पाडणे, दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी एवढेच उरले. त्याच काळातल्या सरकारी वर्णनांत कातकऱ्यांना व्यसनी, भुरटे, भटके अशी विशेषणे लागलेली दिसतात. आधी माणसाचे साधन काढून घेतले आणि मग त्याच्या दारिद्र्याला त्याचा वंशगुण ठरवले. स्वातंत्र्यानंतरही ओळख कागदावर ठरत राहिली. ठाकर जमात अनेक वर्षे ठरावीक तालुक्यांपुरतीच ‘अनुसूचित’ होती. तालुक्याची हद्द ओलांडली की तोच माणूस, तीच बोली, पण कायद्याच्या लेखी आदिवासी नाही! ही अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने उठली.

अशा समाजात लग्न म्हणजे काय होते? येथे हुंड्याची नव्हे, देजाची रीत. नवरदेवाने मुलीच्या बापाला देज द्यायचे. वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. विधवेचे पुन्हा लग्न होते, काडीमोड घेता येतो. यावरून ‘आदिवासी स्त्री मुक्त असते’ असे आपल्याकडे कौतुकाने सांगतात. त्यात तथ्य आहेच. मुलगी गेल्याने घरातले दोन कष्टाचे हात जातात, त्याची भरपाई म्हणजे देज. तिच्या कष्टाला मोल आहे याची ती कबुली होती. पण हातात रोकड नसलेल्या माणसाला देजाचे, दारूचे आणि गावजेवणाचे पैसे देणारा एकच होता, सावकार. बाईच्या कष्टाचे मोल देण्यासाठी जे कर्ज निघाले, त्याच कर्जाने तिचे कष्ट सावकाराच्या घरी फुकट गेले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांताच्या ‘अंशतः वगळलेल्या’ भागांतील आदिवासींचा अहवाल सरकारला दिला. त्यात ही वेठ आणि कर्जापोटीची गुलामी स्पष्टपणे मांडली आहे. डहाणू-उंबरगावात तिचे रूप सर्वांत उग्र होते. पावसाळ्यात खावटीचे भात उसने घ्यायचे, सुगीला ते वाढीसह फेडायचे, मग पुन्हा उसने, हे चक्र मात्र साऱ्या जंगलपट्टीत फिरत होते. गडी नांगर धरी, लाकूड तोडी. त्याची बायको शेण काढी, पाणी भरी, भात कांडी, आवणीला चिखलात वाकून उभी राही. गड्याच्या कामाचा वहीत काही हिशेब तरी असे, खोटा का होईना. तिच्या कामाचा खोटा हिशेबही नव्हता. जमीनदाराच्या घरात तिच्या अब्रूलाही संरक्षण नसे, हे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात वाचायला मिळते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले आणि पुढे वारल्यांचा लढा पेटला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याच्या सभेवर गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ आणि लग्नगडीपद्धत त्या लढ्याने मोडून काढली. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठीला बंदी घातली. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. तो कागदावरून पाड्यावर आणण्यासाठी ऐंशीच्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला वसईपासून लढावे लागले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले की सक्तीने राबवलेला मजूर उचल घेऊनच अडकला आहे, असे गृहीत धरावे.

उचल मात्र संपली नाही. तिला आमच्या भागात बयाणा म्हणतात. भातकापणी उरकते, पाड्यावरचे काम संपते आणि शहापूर-मुरबाडचे कातकरी कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. बयाणा पावसाळ्यातच घेतलेला असतो. कधी दुखण्यासाठी, कधी पोटासाठी आणि आजही पुष्कळदा लग्नासाठी. मजुरी हजार विटांवर ठरते आणि ती जोडप्याची मिळून. नवरा विटा थापतो. बायको माती कालवते, गोळे पुरवते, विटा उलटते, वाहते. त्याआधी पहाटे भाकऱ्या आणि त्यानंतर रात्री मुले. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगाम संपल्यावर. भट्ट्यांवर मी जेथे जेथे विचारले तेथे वहीत नाव नवऱ्याचेच निघाले. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदाही १९७६ चाच. पण जेथे बाईचे वेगळे वेतनच नाही, तेथे समान कशाशी करायचे?

फुकटच्या कष्टाचा दुसरा हिशेब पाण्याचा. तानसा धरण १८९२ चे. पुढे वैतरणा आणि भातसा आली. मुंबईची तहान भागवणारा हा तालुका, आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा. २०१५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळची बातमी देशोदेशी छापून आली: पाणी आणण्यासाठी काही पुरुषांनी दुसरे, तिसरे लग्न केले होते. शहरी वाचकांना ती नवलाची वाटली. लग्नगड्याचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. लग्न म्हणजे कष्टाचे दोन हात मिळवण्याचा मार्ग, हा व्यवहार येथे जुनाच आहे. फरक एवढाच की तेव्हा ते हात सावकाराला मिळत, आता नळ न पोहोचवणाऱ्या व्यवस्थेची उणीव भरून काढतात.

जात, जमात आणि बाईपण यांची विषमता वेगवेगळ्या खात्यांत मांडायची आपल्याला सवय आहे. कातकरणीच्या बाबतीत ती एकाच खात्यात जमा होते. कातकरी म्हणून जमीन नाही, म्हणून बयाणा; बाई म्हणून त्या बयाण्याच्या वहीत नाव नाही. बयाण्यातून सुटका झाली तरी ती वहीतल्या नावाची होते, आणि नाव नसलेल्याची सुटका कोण मोजणार?

एका कागदाने मात्र हा नियम मोडला आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार विवाहित दावेदाराला मिळणारा वनपट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. १८७८ ला गेलेल्या जंगलातला एखादा तुकडा परत येतो, तेव्हा तो तिच्याही नावाने येतो. जे पट्ट्यावर जमते ते भट्टीच्या वहीत न जमायला कारण नाही. दोन नावे, दोन खाती, अर्धी-अर्धी मजुरी, एवढेच मागणे आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास पाड्यांवरून भांडीकुंडी घेऊन टेंपो निघू लागलेले असतील. वह्या नव्याने उघडण्याचे दिवसही हेच असतात.