बाजेखालची शेगडी आणि फरशीखालचे पाइप

गेल्या जानेवारीत दुबई मरीनातल्या आमच्या एकतिसाव्या मजल्यावर आगीचा भोंगा वाजला. कारण होतं ओवा.

माझ्या बाळंतपणासाठी आई नगरहून आली होती. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तिच्या तोंडात अजून नगरच. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळं होतं. फक्त शेगडी नव्हती. ती तिनं इथे येऊन मिळवली, म्हणजे देऱ्यातल्या बाजारातून बखूर जाळायचं धुपाटणं आणलं, सोबत कोळसे. दहाव्या दिवशी बाळाची आंघोळ झाल्यावर तिनं पलंगाखाली निखारे सरकवले, वर चिमूटभर ओवा टाकला आणि तीन मिनिटांत अख्खा मजला जिन्यात जमला. सुरक्षारक्षक वर आला, खिडक्या उघडा म्हणाला. आमच्या खिडक्या वीतभर उघडतात, त्याहून जास्त नाही.

सगळं शांत झाल्यावर आई म्हणाली, "तुझ्या वेळी आजीनं मला चाळीस दिवस शेक दिला. तेव्हा कुणाचा भोंगा वाजला नाही."

तेव्हा का वाजला नाही? पॉडकास्टच्या या भागात आपण घर खालून गरम करण्याच्या इतिहासाबद्दल बोललो, तो या प्रश्नामुळेच. तुमच्यापैकी जे कॅनडात, जर्मनीत, इंग्लंडमध्ये राहतात त्यांना फरशीखालची हीटिंग नवी नाही. पण तिची गोष्ट पाइपांपासून सुरू होत नाही, ती धुरापासून सुरू होते.

धूर कुठे जातो?

रोमन लोकांनी पायाखालची जमीन तापवली, त्या पद्धतीला हायपोकॉस्ट म्हणतात. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या व्हिट्रुव्हियस या वास्तुकारानं ती लिहून ठेवली आहे. विटांचे सुमारे दोन फूट उंचीचे बुटके खांब, त्यावर जाड फरशी, आणि बाहेरच्या बाजूला भट्टी. भट्टीतला गरम धूर फरशीखालून फिरायचा आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर निघून जायचा. उबेचा लाभ आत बसलेल्याला, धूर सोसायचा भट्टीजवळच्या माणसानं. तो माणूस बहुतेक वेळा गुलाम असे.

हीच कल्पना पुढे इस्लामी जगातल्या हमामांमध्ये दिसते. बाबरानं हिंदुस्थानबद्दल ज्या तक्रारी लिहून ठेवल्या, त्यात इथे हमाम नाहीत हीही एक आहे. मग मुघलांनी ते बांधलेच. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम आजही बघता येतो.

कोरियात मात्र तापलेली जमीन राजवाड्यापुरती राहिली नाही, साध्या घरातही आली. ओंडोल म्हणजे स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर खोलीच्या दगडी फरशीखालून नेऊन पलीकडच्या धुरांड्यातून बाहेर सोडायचा. भात शिजतो आणि त्याच लाकडावर झोपायची खोली तापते. कोरियन लोकही आपल्यासारखेच जमिनीवर बसणारे, जमिनीवर झोपणारे. मग आपण जमीन का नाही तापवली? कारण आपल्याकडे वर्षातले दहा महिने ती गार कशी राहील याचीच चिंता असते. शेणानं सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, वाड्याचा चौक हे सगळं उन्हाळ्याच्या हिशेबानं. नगरच्या फराहबागेचा महाल तर निजामशाहीत थेट तलावाच्या मधोमध बांधला, १५८३ मध्ये तो पूर्ण झाला.

थंडीसाठी आपण घर तापवलं नाही, माणूस तापवला. अंगणात शेकोटी, अंगावर गोधडी आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. सुंभानं विणलेल्या बाजेतून ऊब सरळ पाठीला लागते. विचार केला तर हेही खालून तापवणंच, फक्त एका माणसापुरतं आणि चाळीस दिवसांपुरतं.

फटी बुजल्यावर

विसाव्या शतकात कोरियन शहरांत लाकडाऐवजी कोळशाच्या भुकटीच्या वड्या आल्या. स्वस्त आणि रात्रभर जळणाऱ्या. पण फरशीला बारीकशी तडा गेली तरी कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरायचा. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेलं कुटुंब सकाळी उठायचंच नाही, आणि हिवाळ्यात अशा बातम्या नेहमीच्या झाल्या. उपाय म्हणून ओंडोल सोडून दिलं नाही, आग तेवढी बाहेर काढली. फरशीखालून धुराऐवजी गरम पाण्याचे पाइप फिरू लागले. आज सोलच्या उंच इमारतींतही जमीन अशीच तापते.

इथे आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटी, दाराखालची फट, माजघराचा झरोका, घर सतत श्वास घेत होतं. निखाऱ्यांचा वायू तिथेही तयार होत होता, पण बराचसा निघून जात होता. (पूर्ण सुरक्षित तेही नव्हतं. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात.) आमचा फ्लॅट मात्र गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी बंद केलेला डबा आहे. आजी चुकली नव्हती, आईही नाही. शेगडी तीच राहिली आणि तिच्याभोवतीचं घर बदललं.

जुनं घर, नवं घर

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट जपानमध्ये असताना एका श्रीमंत यजमानाच्या घरातल्या कोरियन खोलीत बसला आणि त्या उबेच्या प्रेमात पडला. १९३७ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या जेकब्स हाउसमध्ये त्यानं फरशीखाली पाइप घातले. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये हजारो घरांच्या काँक्रीटमध्ये गरम पाण्याच्या नळ्या पुरल्या गेल्या. काही दशकांनी धातूच्या त्या नळ्या गळू लागल्या आणि दुरुस्तीसाठी घराची जमीनच फोडायची वेळ आली. पुढे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप आले तेव्हा युरोपात ही पद्धत खऱ्या अर्थानं रुळली.

धडा आजही तोच आहे. नवं घर बांधताना हे काम सोपं असतं. खाली उष्णतारोधक थर, त्यावर पाइपांची वेटोळी, वर सिमेंटचा थर, मग फरशी. पाणी ३५ ते ४५ अंशांचं पुरतं, म्हणून हीट पंपाशी याचं चांगलं जमतं. जुन्या घरात मात्र प्रत्येक सेंटीमीटर भांडतो. जमीन वर आली की दारं कापावी लागतात, जिन्याची पहिली पायरी बुटकी होते. त्यावर तोडगे आहेत. असलेल्या सिमेंटच्या थरात खाचा पाडून त्यात पाइप बसवता येतात, लाकडी जमीन असेल तर वाशांच्या मधे. न्हाणीघरासारख्या छोट्या जागेत फरशीखाली काही मिलिमीटर जाडीची विजेची जाळी पुरते, पण अख्ख्या घराला ती लावली तर बिल झोंबतं. आणि खाली उष्णतारोधक थर नसेल तर तुम्ही पैसे मोजून खालची माती तापवता.

मरीनात उलटं

आता आमच्या इमारतीकडे या. जुन्या दुबईत, खाडीकाठच्या अल फहिदी भागात, इराणी किनाऱ्याच्या पलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवाळाच्या दगडांची घरं बांधली. त्यांच्या डोक्यावर बर्जील म्हणजे वाऱ्याचे मनोरे. वरचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा. उन्हाळ्यात खोली बदलायची, गच्चीवर झोपायचं, जमलं तर खजुराच्या बागेत जाऊन राहायचं. म्हणजे माणूस हलायचा, गारवा जिथे असेल तिथे.

मरीना हे त्याच्या बरोबर उलट. वाळवंटात खोदलेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या कालव्याभोवती या शतकाच्या सुरुवातीपासून मनोरे उभे राहिले. इथल्या अनेक टॉवरमध्ये गारवा बाहेरून येतो. एका मोठ्या कारखान्यात पाणी साधारण ५ अंशांपर्यंत थंड करायचं आणि जमिनीखालच्या जाड पाइपांतून इमारतींकडे पाठवायचं. जवळच्या जेबीआरला गारवा पुरवणारी एम्पॉवर ही कंपनी २००३ ची. भाड्याच्या जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलेलं असतं ते या थंड पाण्याच्या बिलाबद्दल. कोरियन लोकांनी आग घराबाहेर काढली, इथे थंडी बनवणंच घराबाहेर गेलं.

मग हे थंड पाणी सरळ फरशीखालूनच का फिरवत नाहीत? बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तसं करतात. पण दमट हवेत फरशी जास्त गार झाली की तिला घाम फुटतो आणि माणूस घसरतो. आधी हवा कोरडी करावी लागते. घरात ते अवघड, म्हणून गार हवा वरून येते, जड असल्यामुळे खाली बसते आणि चिनी मातीची फरशी अनवाणी पायातली ऊब ओढून घेते. जानेवारीत आईचे गुडघे दुखायचे ते यामुळे.

कॅनडातल्या मैत्रिणीनं विजेची जाळी सुचवली होती. पण घर भाड्याचं, फरशी फोडणार कोण? शेवटी आम्ही एसी बंद केला, सतरंज्या अंथरल्या. आईनं तव्यावर कापड गरम करून पाठ शेकली. आणि सकाळी दहाला, कालव्यावर ऊन आलं की, ती मला आणि बाळाला बाल्कनीत बसवायची. बाहेर २२-२३ अंश, वारा नाही.

"धुपाटणं परत नेऊ का?" जाताना तिनं विचारलं.

मी ठेवून घेतलं. निखारे नाहीत, पण बाळाची काजळाची डबी त्यात बरोबर मावते.