दिंडी एकत्र ठेवणारी गोष्ट

मुक्कामांची यादी, अन्नदात्यांची नावं आणि जमाखर्च या अंकात दुसऱ्यांनी लिहिलाच आहे. आमच्या वाट्याला इतिहास आला. कीर्तनकाराला एकच इतिहास नीट ठाऊक असतो: कुठल्या साली कुठली गोष्ट सांगितली आणि तिनं दिंडीत काय घडवलं. तोच लिहितो.

दिंडीत पगार कुणालाच नाही. विणेकरी, पखवाजी, टाळकरी, तुळशीवाल्या माउल्या, सामानाच्या गाडीवरची माणसं, सगळी पेरणी उरकून, नाहीतर अर्धी टाकून आलेली. एखादा रुसला तर उद्या दुसऱ्या दिंडीत जाईल, त्याला कोण अडवणार? अशा माणसांना आळंदीपासून पंढरीपर्यंत एका ओळीत न्यायचं, हे दिंडीप्रमुखाचं काम.

ही ओळ लावून दिली हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींचा सोहळा वेगळा काढला आणि फौजेची शिस्त त्यात आणली. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम ठरले. समाजआरतीला चोपदारानं चोप उंच केला की हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतो. आम्हाला या व्यवस्थेचा फार आदर आहे. पण चोपानं माणूस थांबतो. थकलेल्या माणसाला पळवायचं काम चोपाचं नव्हे.

धाव्याचंच बघा. माळशिरस सोडून वेळापूरला उतरताना पायाला फोड आलेले असतात, अंग ठणकत असतं. तिथल्या टेकाडावरून तुकोबारायांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते तिथून धावत सुटले, एवढीच गोष्ट. ती ऐकून सत्तरीची म्हातारी पदर खोचून उतारानं पळते. आमच्या दिंडीतल्या एका शाळकरी पोरानं एकदा विचारलं, इथून कळस खरंच दिसतो का? त्याला उत्तर द्यायला कुणी थांबलं न्हाई. तोही पळाला.

आता मुख्य सांगायचं ते पंगतीचं. जुन्या काळी आमच्याच काय, कित्येक दिंड्यांत चोखोबांचे अभंग सगळे म्हणायचे आणि चोखोबांच्या जातीची माणसं जेवायला लांब बसायची. इरावती कर्व्यांनी वारीतल्या अशा वेगळ्या पंगतींबद्दल लिहून ठेवलं आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, आणि मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. देवळाचं दार उघडलं, पण पंगत तशीच राहिली. नियम करून बघितला तर दोनच दिवसांत भांडणं लागली, असं आमचे वडील सांगायचे.

तेव्हा आमचे दिंडीप्रमुख वैकुंठवासी मोठे बाबा होते. त्यांनी एका मुक्कामी कीर्तनात मंगळवेढ्याची गोष्ट लावली. शके १२६० मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, चोखोबा आणि बरोबरचे मजूर खाली गाडले गेले. नामदेवराय तिथं गेले. हाडं सगळी सारखीच. ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून उचललं, पंढरीला आणलं, महाद्वारासमोर समाधी दिली. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पण बाबांनी ढिगारा उपसायलाच तासभर घेतला. दगड कसे बाजूला केले, माती कशी ओढली. ऐकणारे सगळे विहिरी खणणारे, ताली घालणारे. दरडीखाली गेलेला माणूस काढणं काय असतं ते त्यांनी हातानं केलेलं होतं. मग बाबांनी विचारलं, “नामदेवरायांनी हाड कानाला लावलं, तेव्हा शिवू का म्हणून कुणाला विचारलं?” उत्तराला थांबले नाहीत. आरती केली.

दुसऱ्या दिवशी बाबा आपली पत्रावळ घेऊन त्या लांबच्या ओळीत जाऊन बसले. विणेकरी उठून गेला. मग टाळकरी. तीन घरं मात्र रुसून दुसऱ्या दिंडीला गेली. त्यातलं एक सात वर्षांनी परत आलं, दोन आलीच न्हाईत. तेही इतिहासातच धरलं पाहिजे.

बाबांनी ही रीत गाडगेबाबांची उचलली होती. गाडगेबाबा दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. आपल्या वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्यावर दृष्टांत देतात. ते मात्र लोकांनाच साधे प्रश्न घालत. कर्ज काढून जेवणावळी कशाला, नवसाला बकरं कशाला, पोर शाळेत का नाही. उत्तर गावच देई, आणि दिलेलं उत्तर गावाच्याच अंगावर येई. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभी केली. काही शास्त्री म्हणतात ते कीर्तनच नव्हे. म्हणू द्यात. हल्ली विनोदाला टाळ्या फार पडतात. हसवून मंडप भरतो, पण सामानाचा ट्रक रुतला की ढकलायला मंडपातलं कोण येतं, ते बघावं.

शेवटी एक नोंद करून ठेवतो. २०२० आणि २०२१ ला महामारीमुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं गेल्या. दिंडी गावातच राहिली. पोरांनी मोबाईलवर सगळ्यांना जोडलं, आणि ज्या दिवशी जो मुक्काम असता त्याची गोष्ट आम्ही रोज सांजच्याला सांगितली. सासवडला सोपानकाकांची, वाल्ह्याला वाल्मीकींची. वेळापूरच्या दिवशी गोष्ट संपली तशी फोनमधून धपधप आवाज यायला लागले. कोण बांधावरून पळत होतं, कोण खळ्यात. एक माउली गोठ्यापासून तुळशीपर्यंत पळाल्या आणि दम लागलेल्या आवाजात विचारलं, “महाराज, उद्या भंडीशेगाव ना?”