पडदा उजळतो, कागद शोषतो
माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आईच्या शालूचा पोपटी रंग होता. संगणकावर तो हुबेहूब दिसला. छापून आला तो विटका. आई काही बोलली नाही, मीच खट्टू झालो.

चूक कुणाची? पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाची बेरीज करतो. शाई मात्र प्रकाश शोषून घेते, वजाबाकी करते. या दोघांना जोडणारं माप १९३१ साली मिळालं. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगानं माणसाच्या नजरेलाच प्रमाण मानून रंगांना आकडे दिले. त्याच पायावर १९९३ साली आठ कंपन्यांनी ‘इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम’ स्थापलं आणि प्रत्येक यंत्राच्या रंगांची नोंद एकाच पद्धतीनं होऊ लागली.

तरीही मंडळी, काही झळाळते हिरवे रंग नेहमीच्या चार शायांत मावतच नाहीत. आईचा पोपटी त्यांतलाच. आकडे ते छपाईआधी सांगतात, एवढंच.