दोन भिंती, एक यादी

इतिहास दगडावर कोरला जातो, असे आपण शिकलो. कोणाला वगळून कोरला जातो, हे शिकविणारा तास मात्र आपल्या शाळेत कधी झाला नाही. गेल्या मार्गशीर्षात मी सोलापूरहून एस.टी.ने एकटाच पंढरपुरास गेलो, तो दर्शनासाठी नव्हे, या प्रश्नासाठी. घरात पदवी घेतलेला पहिला मी. माझी पणजी वारीला जाई ती महाद्वारापर्यंतच.

मंदिरात एक शिलालेख आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही लोकांची समजूत. म्हणून तो 'चौऱ्यांशीचा लेख'. ज्या समाजात अक्षर डोळ्यांनी वाचण्याऐवजी पाठीने घासले गेले, त्या समाजाबद्दल एवढे एकच उदाहरण पुरे बोलके आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातील ही मंदिराच्या देणगीदारांची यादी. तीत यादव राजा रामदेवराव आहे, हेमाद्री पंडित आहे, साधे भक्तही आहेत. ज्याने दिले त्याचे नाव राहिले. पण देण्यासाठी आधी हाती काही असावे लागते.

दुपारी मंगळवेढ्याची गाडी धरली. दुसरी भिंत तेथली. १३३८ साली गावकुसाच्या कामावर राबणाऱ्यांच्या अंगावर ती कोसळली. त्यांत चोखोबा होते. आख्यायिका सांगते की, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी चोखोबांच्या म्हणून वेचल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. कीर्तनकार येथे थांबतो. मला थांबता येत नाही. ज्या अस्थी बोलल्या नाहीत, त्या कोणाच्या? त्यांनीही घाम दिला होता, जीव दिला होता. त्या देण्याची यादी कोणत्याही दगडावर नाही.

समाधी पायरीपाशी राहिली आणि पुढे सहा शतके दार बंदच राहिले. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी उपोषणास बसले, १० मे रोजी ते सुटले, मंदिर खुले झाले. त्या उपोषणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र दार उघडणाऱ्याचे नाव लिहिताना ते लावून धरणाऱ्या व्यवस्थेचे नाव गाळले, तर तो इतिहास न होता आभारपत्र होते. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपविणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाले २०१४ साली.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पायरीशी ठेवलेला माणूस इतिहासग्रंथाच्या पहिल्या पानांवर आला. मंगळवेढ्याच्या भिंतीखालची बाकीची नावे आता मिळणार नाहीत. पण वतनाच्या कागदांत, जात्यावरच्या ओव्यांत, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत वेठीला राबलेल्यांची नावे अजून आहेत. ती यादी कोणी देणगीदार करणार नाही. ती आपणच करावयाची आहे.