क्रोशाचा नमुना आणि भिलाईची वसाहत

क्रोशाचे विणकाम एकाच आकड्याच्या सुईने होते. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर अडकलेली असते. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर उरतो आणि एक टाका पुरा झाला की दुसरा सुरू होतो. त्यामुळे काम मध्येच ठेवता येते, चुकले तेवढेच उसवता येते आणि हव्या त्या दिशेने वाढवता येते. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब आणि दुहेरी खांब एवढ्या मोजक्या टाक्यांवर बहुतेक सगळी वीण उभी राहते. ते किती, कुठे आणि कोणत्या क्रमाने घालायचे, हे सांगणारा तो नमुना.

युरोपात हे काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले. ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी टाका घालण्याचे आरीकाम पूर्वेकडून तिकडे गेले आणि त्यातूनच पुढे कापडावाचूनची साखळी निघाली, असे एक मत आहे. ‘पेनेलोपे’ या डच मासिकाने १८२३च्या सुमारास छापलेले क्रोशाचे नमुने अगदी आरंभीच्या छापील नमुन्यांत मोडतात. १८४०नंतर लंडनमध्ये एलेओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दिएर यांनी नमुन्यांच्या पुस्तिका एकामागून एक काढल्या. १८४५पासूनच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने मिळकत दिली. तेरेझ द दिलमाँ यांच्या १८८६च्या सुईकामाच्या ज्ञानकोशात क्रोशाला स्वतंत्र स्थान मिळाले.

भारतात ही कला मुख्यतः मिशनरी शाळा आणि कॉन्व्हेंटांतून पसरली. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात तिचा मोठा घरगुती धंदा झाला. १९८२ साली मारिया मीस यांनी या लेसकाम करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. घरी बसून, फावल्या वेळात केलेले काम म्हणून त्यांच्या श्रमाची किंमत कशी कमी धरली जाते, हे त्यात मांडले आहे. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी घरांत मात्र क्रोशा विक्रीपेक्षा संसारासाठी अधिक चालला. बाळाची टोपडी आणि दुपटी, परकराची लेस, दाराचे तोरण, टेबलावरचा रुमाल आणि रुखवतात मांडायच्या वस्तू हे त्याचे नेहमीचे विषय. तिथे नमुना कागदावर क्वचितच असे. आई, मावशी किंवा शेजारच्या काकू विणत असताना पाहायचे, त्यांच्या तुकड्यातले खांब मोजायचे आणि तसे घालायचे, हीच शिकण्याची रीत.

नोकरीसाठी दूर गेलेल्या कुटुंबांत ही रीत अडखळते, आणि भिलाई हे तर अशा कुटुंबांचेच गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात तिथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला; ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि दुर्ग वेगळ्या राज्यांत गेले. तरी मुंबई–हावडा लोहमार्गाने विदर्भ भिलाईच्या जवळच राहिला. कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत उभी राहिली आणि तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी कुटुंबे शेजारी आली. कर्मचाऱ्यांच्या पत्नींची भिलाई महिला समाज ही संस्थाही याच वसाहतीतली. अशा ठिकाणी विणलेला तुकडा हाच सर्वांत सोपा दुभाषा. हिंदीत क्रोशिया आणि बंगालीत कुरुश म्हटले तरी खांब मोजून घेता येतात. भिलाईचा हिवाळा सौम्य असल्याने जाड लोकरीच्या कपड्यांपेक्षा सुती दोऱ्याच्या कामाला वर्षभर अधिक वाव असतो.

तुकडा हाताशी नसेल तेव्हा कागदावरचा नमुना वाचावा लागतो. तो तीन प्रकारचा असतो. शब्दांतल्या नमुन्यात ओळीमागून ओळ टाके सांगितलेले असतात आणि तारांकित भाग पुन्हापुन्हा घालायचा असतो. यातली मोठी अडचण ब्रिटिश आणि अमेरिकी नावांची. अमेरिकी ‘सिंगल’ म्हणजे ब्रिटिश ‘डबल’ आणि मराठीतला मुका खांब. अमेरिकी ‘डबल’ म्हणजे ब्रिटिश ‘ट्रेबल’ आणि मराठीतला खांब. खांब मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट उंच असल्याने नमुना कोणत्या पद्धतीचा हे न पाहता विणले, तर सगळे माप बिघडते.

दुसरा प्रकार चिन्हांचा. साखळीला लंबगोल, खांबाला दांड्यावर तिरकी रेघ असलेला टी, अशा खुणा जपानी प्रकाशनांनी जगभर नेल्या. भाषा न येणाऱ्यालाही त्या वाचता येतात. तिसरा प्रकार चौकटींचा. त्यात भरीव घर म्हणजे खांबांनी भरलेले आणि रिकामे घर म्हणजे दोन साखळ्यांची जाळी. चौकटींच्या नक्षीची पुस्तके क्रोशाहून जुनी आहेत; फेदेरिको विंचोलो यांचे लेसच्या नमुन्यांचे पुस्तक पॅरिसमध्ये १५८७ साली निघाले. या प्रकारात प्रत्येक घराला तीन आणि शेवटी एक असा पायाच्या साखळ्यांचा हिशोब असतो. वीस घरांना ६१ साखळ्या लागतात. वळणाच्या साखळ्या वेगळ्या. मोर, कमळ किंवा ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे असलेली तोरणे याच हिशोबावर विणली जातात.

गोल कामाचा नियम निराळा. साधारणपणे पहिल्या फेरीत बारा खांब घालून पुढच्या प्रत्येक फेरीत बारा वाढवले तर रुमाल सपाट राहतो. वाढ कमी पडली की त्याची वाटी होते आणि टोपी विणताना हेच हवे असते; वाढ जास्त झाली की झालर पडते. दोऱ्याची जाडी, सुईचा नंबर आणि हाताची ओढ यांनीही माप बदलते, म्हणून मोठ्या कामाआधी लहान तुकडा विणून मोजून पाहतात.

अलीकडे शेजारी बसून शिकण्याची जागा व्हिडिओंनी आणि गटांनी घेतली आहे. चेन्नईत सुरू झालेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरच्या क्रोशाच्या चादरीचा गिनीज विक्रम केला. वेगवेगळ्या गावी विणलेले तुकडे जोडून ती तयार झाली. एवढ्या हातांचे काम जुळायचे तर सर्वांना ठरलेले माप पाळावे लागते. प्रत्येकीच्या शेजारी बसून शिकवणे शक्य नसते, म्हणून नमुना वाचता येणे महत्त्वाचे ठरते. जुन्या पद्धतीतही समोरच्या तुकड्याची हुबेहूब नक्कल करता येत होतीच. नमुना वाचता येणाऱ्या विणकरणीला त्यापुढचेही जमते: घरे वाढवून तोरण आपल्या दाराच्या रुंदीचे करणे, फेरी कमी करून टोपी लहान करणे, किंवा चौकटीच्या कागदावर स्वतःची नक्षी मांडणे.